एक की नऊ

समुद्र अकरा वाजून पन्नास मिनिटांनी गोड होणार होता, आणि माणसं सकाळी आठपासूनच कळशा, कॅन आणि बाटल्या घेऊन कुंपणाबाहेर ठाण मांडून बसली होती. चालता येणारे चालत आले होते, न येणाऱ्यांना उचलून आणलं होतं. दम्यावाले, सांधेवाले, मूल न होणारे, मूल न ऐकणारे, सगळे एकाच रांगेत. एवढा मोठा समुद्र, पण घड्याळाच्या बाबतीत सरकारी कचेरीपेक्षा पक्का निघाला होता.

कुंपण संरक्षित किनाऱ्याचं होतं. आतल्या वाळूच्या पट्ट्यावर सुरय पक्षी घरटं न बांधता उघड्यावरच अंडी घालत, म्हणून बावीस वर्षं तिथे माणसाला पाऊल टाकायची बंदी होती. फाटकावर 'प्रवेश निषिद्ध' अशी ठसठशीत पाटी होती. आता गर्दी त्या पाटीखालूनच आत सोडली जात होती, कारण साहेबांना वरून फोन आला होता, आणि वरच्यांना त्यांच्याही वरून. फोन मुळात निघाला कुठून हे कोणालाच ठाऊक नव्हतं. उचलला मात्र सगळ्यांनी.

फाटकावरच्या रखवालदाराला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी उभ्या जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. फाटकाशेजारी एक काळा फळा होता आणि त्यावर ते रोज सकाळी खडूनं भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत, एवढ्यावर त्यांना ही पदवी मिळाली होती. कुंपणाबाहेरच्या चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या अकरा परवानाधारक बायका होत्या. त्या चढत्या पाण्यात अडकू नयेत म्हणून तो फळा. सरकारी पुस्तिका उघडायची, चष्मा पुसायचा, ओळीवर बोट ठेवायचं आणि आकडे उतरवायचे. बावीस वर्षांत एकही वेळ चुकली नव्हती, आणि मास्तरांना या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान होता.

अकरा चाळीसला गोडबाबा आले. पांढरे कपडे, अनवाणी पाय, हातात डोक्यापेक्षा उंच काठी. काठीला खाली लोखंडी टोक होतं, पण भाविकांची नजर नेहमी वरच्या टोकाकडे असते. मागे छत्री धरून शिष्य. गोडबाबा दोन वर्षांपूर्वीपर्यंत बोअरवेल खणण्याच्या गाडीवर कामाला होते, असं काही जण सांगत. त्यावर भक्तांचं म्हणणं असं, की तेव्हाही ते पाणीच शोधत होते.

"समुद्रा," बाबा ओल्या वाळूवर उभे राहून म्हणाले, "तू खारट का झालास ते मला माहीत आहे. माणसांचे अश्रू पिऊन पिऊन झालास. आज मी तुझे अश्रू पुसायला आलोय."

गर्दीत दोन-चार हुंदके ऐकू आले. सगळ्या जगाचे अश्रू, पण बाबा ते वीस मिनिटांत आटपत.

"हट, समुद्रा. माझ्या लेकरांना वाट दे."

सकाळी सहापासून हटतच असलेला समुद्र आणखी हातभर हटला. बाबांनी डोळे मिटले, काठी दोन्ही हातांनी उचलली आणि वाळूत खुपसली. काठी बाहेर काढली तशी त्या भोकातून बुडबुडे आले, मग पाणी. बाबांनी ओंजळ भरून पुढच्या म्हाताऱ्याला दिली.

"गोड आहे," म्हातारा म्हणाला. "विहिरीच्या पाण्यासारखं गोड."

आणि ते खरंच गोड होतं. साखरेसारखं नव्हे, जे खारट नाही ते गोड, तसं. मग रेटारेटी सुरू झाली. वाळूच्या पट्ट्यावर पाय पडत होते, आणि वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी त्या पायांखाली फुटत होती. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडत होते. कोणीतरी म्हणालं, बघा, पाखरंसुद्धा बाबांचा जयजयकार करतायत. मास्तरांनी सवयीनं शिट्टी तोंडात धरली आणि साहेबांचा हुकूम आठवून परत खिशात टाकली. तेवढ्यात त्यांना तिसऱ्या रांगेत आपली बायको दिसली, हातात निळा कॅन घेऊन उभी.

तिला क्षय झाला होता. तीन महिन्यांपूर्वी थुंकी तपासली, गोळ्या सुरू झाल्या. रोज घ्यायच्या, सहा महिने, एक दिवस न चुकता. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन चार किलोनं वाढलं, जिना चढताना लागणारी धाप थांबली. मास्तर मनातल्या मनात उरलेले दिवस मोजत होते.

त्या दुपारी घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर हात घातला. पिठाच्या डब्यामागे गोळ्यांची पाकिटं होती, एकोणीस दिवसांची, न फोडलेली.

"हे काय आहे?"

बायको कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. "तुम्हाला सांगणारच होते."

"कधी? परत रक्त पडल्यावर?"

"अहो, बरी आहे ना मी? बघा तरी माझ्याकडे. त्या गोळ्या सुरू केल्या त्या दिवसापासून लघवी केशरी व्हायची. केशरी म्हणजे किती, बघवत नव्हती. बाबा म्हणाले, ज्याच्या अंगातून केशरी निघतं त्याच्या अंगात औषधाचं विष भिनलंय. गोळी बंद कर, अकरा दिवस माझं पाणी पी, आपोआप स्वच्छ होशील. मी गोळी बंद केली, पाणी प्यायले, आणि दोनच दिवसांत लघवी पाण्यासारखी स्वच्छ. आता सांगा, हे खोटं का?"

समुद्राचं सगळं मास्तरांना पाठ होतं, पण बायकोच्या लघवीचा रंग त्यांनी कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत खिडक्या सताड उघड्या होत्या आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलेलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"या महिन्यातली ही सातवी," त्या म्हणाल्या. "मास्तर, त्यातल्या एका गोळीचा रंगच केशरी असतो. पोटात गेली की तो रंग लघवीत उतरतो. गोळी बंद केली की रंगही बंद. त्यासाठी बाबाही नको आणि पाणीही नको. मी गोळ्या देताना प्रत्येकाला सांगते."

"तिलाही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. पण मी एकदा सांगते, घाईत, बाहेर चाळीस माणसं थांबलेली असताना. बाबा रोज सांगतो, डोक्यावर हात ठेवून."

"पण खोकला तर गेलाय."

"खोकला दोन महिन्यांत जातो, रोग जात नाही. दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. आता गोळी थांबवली की त्या चिवटांना रान मोकळं. मग परत येतील ते या गोळ्यांना जुमानणार नाहीत. तिला आजच्या आज इथे घेऊन या."

ती आली नाही. मास्तर रागावले, विनवण्या केल्या, एक दिवस जेवले नाहीत. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन अर्धा तास बसून गेल्या. बायकोनं त्यांना चहा दिला, सगळं मान डोलावून ऐकलं आणि त्या गेल्यावर कॅनमधलं पेलाभर पाणी प्यायली.

"तुम्हाला दोघांना शिक्षणाचा गर्व आहे," ती म्हणाली. "समुद्र डोळ्यांदेखत हटतो, गोड होतो, ते तुम्हाला दिसत नाही?"

मास्तरांच्या मनानं इथेच एक वळण घेतलं. गोळीचं तिला पटत नाही ना, मग समुद्राचंच पटवू, असं त्यांनी ठरवलं. बाबांची लबाडी उघडी पाडली की गोळी आपोआप घशाखाली उतरेल. हिशेब वरवर बरोबर होता.

पण लबाडी सापडायला पंधरवडा गेला, आणि सापडली ती मास्तरांच्या अक्षरामुळे. त्या दिवशी ओहोटी दुपारी सव्वा वाजता होती. मास्तरांनी फळ्यावर १.१५ लिहिलं. हवा दमट, खडू ओला, आणि मास्तरांना एकाची शेपटी जरा लांबवायची खोड. बाबा त्या दिवशी सकाळी सव्वानऊला हजर. समुद्र अजून बराच वर. बाबांनी दोनदा 'हट' म्हणून पाहिलं, मग शिष्याकडे असा एक कटाक्ष टाकला की त्याच्या हातातली छत्री हलली. त्यानंतर बाबा वाळूवर मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटले ते थेट एक वाजता उघडले. चार तास उन्हात समाधी लावली म्हणून भक्तांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वा वाजता पाणी निघालं, आणि त्या दिवशी कॅन दुप्पट भरले.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी शिष्य फाटकाशी आला. इकडचं तिकडचं बोलला, हवा कशी आहे विचारलं, आणि मग फळ्याकडे बोट करून अगदी सहज म्हणाला, "मास्तर, हा एक आहे की नऊ?"

"आज तर दोन लिहिलाय," मास्तर म्हणाले.

"नाही, म्हणजे कालचा. कालचा एक होता की नऊ?"

"का हो?"

"असंच," शिष्य म्हणाला. "आकडे जरा सुटसुटीत काढत जा. लोकांची गैरसोय होते."

तो गेला आणि मास्तर खडू हातात धरून तसेच उभे राहिले. इतके दिवस समुद्र बाबांचं ऐकत नव्हता, बाबा फळ्याचं ऐकत होते. जो दर्शनाचा मुहूर्त म्हणून गावभर सांगितला जात होता, तो मास्तरांनीच रोज सकाळी चष्मा पुसून फळ्यावर लिहिलेला असे. मास्तरांना आधी हसू आलं, आणि मग ते चांगलेच संतापले.

वेळेचं कळलं, पण पाण्याचं राहिलं होतं. ते कळलं शिंपल्या वेचणाऱ्या आत्याकडून. अकरा जणींतली सगळ्यांत म्हातारी ती, आणि सगळा गाव तिला आत्याच म्हणे. ती ओसरीवर बसून शिंपल्या फोडत होती.

"तो झरा होय?" ती म्हणाली. "अरे, आम्ही पोरी होतो तेव्हापासून आहे तो. कामाला जाताना घरून पाणी कोण नेतंय? ओहोटीला तिथे कोयती खुपसायची आणि ओंजळ लावायची. वरची चिकणमाती फुटली की येतंच पाणी. माझी आई तिथलंच पाणी पिऊन म्हातारी झाली, आणि खोकून खोकूनच मेली."

"मग आत्या, हे तू लोकांना सांगितलं का नाहीस?"

आत्यानं कोयती खाली ठेवली. "आम्हाला त्या झऱ्यावरून हाकललं कोणी? तूच ना, शिट्टी फुंकत? बावीस वर्षं तुझ्या कुंपणाबाहेर चिखलात गुडघे मोडतेय मी. जे आत जायचे ते मेले, नवीन पोरांनी तो किनारा पाहिलाच नाही. त्या बाबामुळे मला मरायच्या आधी आत पाय ठेवायला मिळाला. मी कशाला बोलू त्याच्याविरुद्ध?"

पक्ष्यांसाठी लावलेलं कुंपण चांगलंच होतं, पण झऱ्याची माहिती त्याच कुंपणाआड मेली होती आणि तिच्या जागी बाबा उगवला होता.

"बायकोसाठी विचारतोय, आत्या," मास्तर म्हणाले.

म्हातारीनं पुढची शिंपली उचलली. "काय करू सांग."

"येत्या अष्टमीच्या दिवशी मी फळ्यावर वेळ चुकीची लिहिणार आहे. बाकीच्या दहा जणींना आधी सांगून ठेव. कोणी त्यावर विसंबून चिखलात जायला नको."

आत्या हसली. "आम्ही फळा बघतोच कुठे? चंद्र बघतो, आणि घोट्याला पाणी लागलं की निघतो. तो फळा तुझ्या साहेबासाठी असेल असं आम्हाला वाटायचं."

बावीस वर्षांत तो फळा मन लावून वाचणारा एकच वाचक मास्तरांना मिळाला होता, आणि तो छत्रीवाला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "बाबांनी हाक मारली आणि समुद्र हटला नाही, असं झालं तर?"

"होणारच नाही."

"समज, झालं."

ती हसली. हसताना थोडा खोकला आला, तो तिनं पदरात दाबला. "झालं तर त्याच दिवशी गोळी घेईन. तुमच्या हातून."

"शब्द?"

"शब्द. तुम्हाला कधी खोटं बोललेय मी?"

अष्टमीच्या दिवशी ओहोटी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी होती. मास्तरांनी पुस्तिका उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, ओहोटी ४.१०. चार अगदी सुटसुटीत काढला.

तास-दीड तासात गावभर पुकारा झाला, दर्शन दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. तरी हौशी मंडळी अकरापासूनच आत जाऊन बसली. बारा वाजता समुद्र कोणी न सांगता लांब गेला, झऱ्याची जागा उघडी पडली आणि पाचशे माणसं तिच्याभोवती बाबांची वाट बघत बसून राहिली. मास्तर फाटकाची लोखंडी कांब घेऊन आले. गर्दीसमोर ती वाळूत खुपसली, बाहेर काढली. बुडबुडे आले, मग पाणी. त्यांनी पेला भरून बायकोपुढे धरला.

"चव बघ."

ती प्यायली. "गोड आहे."

"बाबा कुठे आहेत?"

तिनं मागे वळून पाहिलं. मास्तर गर्दीकडे वळले. "ऐका सगळे. मागच्या टेकडीवर पडलेला पाऊस वाळूत मुरतो. खाली चिकणमातीचा थर आहे, त्याखालून ते पाणी इथवर येतं. समुद्र वर असला की दिसत नाही. समुद्र हटला आणि माती फोडली की बाहेर येतं. मी काढलं तरी येतं, तुम्ही काढलंत तरी येईल. घ्या ही कांब, बघा काढून."

कांब कोणी घेतली नाही. एक जण म्हणाला, "बाबा रोज इथे उभे राहतात. जागेत शक्ती उतरणारच ना, मास्तर." दुसरा म्हणाला, "बाबांनी आज आधीच पाठवून दिलं. आपण भुकेले-तहानलेले बसलोय हे त्यांना तिथे कळलं असणार." मग लोकांनी त्या पाण्यावरही झुंबड उडवली. मास्तरांच्या हातातला पेला कोणीतरी घेतला तो परत आला नाही.

चारला बाबा आले. समुद्र चार तास चढत होता. झरा पाण्याखाली गेला होता, लोक सरकत सरकत कुंपणाला टेकले होते. बाबांनी अश्रूंचं भाषण केलं आणि काठी उगारली.

"हट, समुद्रा."

एक लाट आली आणि बाबा पोटरीपर्यंत भिजले.

"हट म्हणतो ना."

दुसरी गुडघ्यापर्यंत आली. गर्दीत कुजबुज सुरू झाली. शिष्यानं घड्याळ बघितलं, मग लांबून मास्तरांकडे बघितलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. तो बाबांच्या कानाशी लागला. बाबांनी काठी खाली केली आणि अतिशय दुःखी आवाजात म्हणाले, "आज इथे कोणीतरी खोटं वागलंय. समुद्राला खोटं सहन होत नाही."

मास्तर याच क्षणाची पंधरा दिवस वाट बघत होते. ते छाती काढून पुढे झाले.

"मी वागलोय," ते म्हणाले. "फळ्यावरची वेळ मी मुद्दाम चुकीची लिहिली. ओहोटी बाराला होऊन गेली, आता भरती आहे. तुमचा शिष्य रोज माझा फळा वाचतो आणि तुम्ही त्या वेळेला येता. मी चार लिहिलं, तुम्ही चारला आलात. समुद्र तुमचं ऐकतो म्हणता, पण तुम्ही तर माझ्या खडूचं ऐकताय."

मास्तरांना वाटलं, जिंकलो.

मग गर्दीतून एक बाई म्हणाली, "बाबांनी ओळखलं."

"नाव न घेता ओळखलं," दुसरी म्हणाली.

बाबांनी हात वर केला. हजरजबाबीपणात बाबांना तोड नव्हती. "पाहिलंत? मी कोणाकडे बोट केलं नव्हतं. खोटं आपल्या पायांनी चालत पुढे आलं. समुद्र का रुसला ते आता समुद्राला विचारायला नको."

लोक बाबांच्या पायांवर पडले. लाटेत भिजत पडले. बाबांचा त्याआधीचा एकही चमत्कार एवढा मोठा नव्हता, आणि तो मास्तरांनी स्वतःच्या हातानं त्यांना करून दिला होता.

घरी आल्यावर मास्तरांनी पाकीट फोडलं आणि गोळ्या तळहातावर घेऊन बायकोसमोर धरल्या. "हाक मारली आणि समुद्र हटला नाही. तू शब्द दिला होतास."

ती भिंतीला टेकून बसली होती. "तुम्ही खोटं लिहिलंत," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी चारचौघींत सांगत आले, आमच्या ह्यांच्या फळ्यावर कधी खोटा आकडा पडत नाही. आज मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. फळ्यावर खोटं लिहिता, मग गोळीचं सांगता तेही खरं कशावरून?"

"अगं, तुझ्यासाठीच केलं."

"ठेवा ती गोळी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दोन दिवसांनी साहेबांनी मास्तरांना बोलावलं. बाबांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. "फळ्यावर चुकीची वेळ लिहिलीत. कोणी बुडालं असतं तर?" साहेब बरोबर बोलत होते. मास्तरांना निलंबित केलं. फाटकावर दुसरा माणूस आला. शिष्यानं शहाणपणानं स्वतःची सरकारी पुस्तिका आणली. त्या वर्षी वाळूच्या पट्ट्यावर सुरयांचं एकही पिल्लू उडालं नाही, पुढच्या वर्षी पक्षी उतरलेच नाहीत. संरक्षित किनाऱ्याच्या अहवालात मात्र आलेल्या माणसांचा आकडा शून्यावरून हजारांवर गेला, आणि ती वाढ समाधानकारक असल्याचा शेरा पडला.

पाच महिन्यांनी बायकोच्या रुमालावर रक्त दिसलं. या वेळी ती स्वतः उठून दवाखान्यात गेली. थुंकीची तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. साध्या गोळ्यांना आता रोग दाद देत नव्हता. दुसऱ्या, जड गोळ्या सुरू झाल्या, मोठ्या दवाखान्यातल्या वेगळ्या खोलीत. रोज मूठभर. त्यांनी पोटात अन्न ठरेना, पाय बधिर झाले. ती एकही गोळी चुकवत नव्हती.

एका दुपारी मास्तर तोंडाला मास्क लावून तिच्या खाटेजवळ बसले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? तुम्ही बाबांना हरवायला निघाला होतात की मला वाचवायला?"

"तुला वाचवायला."

"मग पाचशे माणसांत कशाला? मी त्यांच्यातच उभी होते ना. ते हरले असते तर मीही सगळ्यांसमोर मूर्ख ठरले असते. घरी माझ्याशेजारी बसून, न ओरडता, गोळीचा रंग गोळीचाच असतो एवढं रोज सांगितलं असतंत तर..." ती दम खायला थांबली. "तरी ऐकलं असतं का मी, कोणास ठाऊक. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मास्तरांनी मनाला लावून घेतलं, आणि त्यांना तेच शोभून दिसतं.

वाचकहो, झऱ्याचं पाणी कुठून येतं, समुद्र केव्हा हटतो, लघवी केशरी का होते, हे सगळं वर सांगून झालंय. यात गुपित काही नाही. कोणी चमत्कार दाखवायला निघाला, तर त्याच्या हाताकडे बघण्याआधी एवढंच विचारा, की वेळ कोण ठरवतं आणि ती वेळ टळली तर दोष कोणावर जातो. दोष नेहमी बघणाऱ्यावर जात असेल, तर तिथून उठा. उठताना शेजारच्यालाही हळूच सांगा, आपल्या घरच्याला सांगता तसं, चारचौघांत त्याची फजिती न करता. आणि गोळ्या चालू असतील तर बरं वाटायला लागलं म्हणून बंद करू नका. डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत घ्या. झऱ्याचं पाणी हवं तर पाणी म्हणून प्या.

गोडबाबांचं दर्शन अजून चालू आहे. मास्तरांची बायको वेगळ्या खोलीत आठ महिने होती, आणि गेली तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती.